पुनर्जनन आणि जीवाणू : एका समीकरणाची परीक्षा
जखमेतील जीवाणू म्हणजे केवळ शत्रू, हे रूढ समीकरण आता अपुरे ठरले आहे. प्लॅनेरिया या चपट्या कृमींवरील २०१६ च्या संशोधनात रोगकारक जीवाणू बळावताच पुनर्जनन खुंटल्याचे दिसले; उलट २०२१ च्या प्रयोगांत जंतुविरहित उंदरांच्या जखमांत नवे केशकूप कमी उगवले. तथापि या दोहोंवरून सर्व प्राण्यांसाठी एकच नियम काढणे उतावीळपणाचे होईल. निर्णायक ठरतात ते जीवाणूंचे प्रकार, त्यांचे प्रमाण आणि ऊतींचा प्रतिसाद. खेकड्याचा तुटलेला पाय कात टाकताना पुन्हा येतो. रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी त्याचा अभ्यास करताना टाकीतील पाण्याच्या जीवाणूंची नोंद न ठेवल्यास निष्कर्ष अर्धाच राहील.