बोधिवृक्षाखालचे अश्रू

बोधगयेवर मी एकदा लेख लिहिला होता. २००४ सालच्या एका दिवाळी अंकात तो आला आणि त्याचे थोडेफार कौतुकही झाले. त्या लेखात मी बोधिवृक्षाखाली उभा आहे, वाऱ्याची झुळूक येते, एक पान अलगद माझ्या ओंजळीत पडते आणि माझे डोळे भरून येतात, असा प्रसंग होता. इतक्या वर्षांनी आता कबूल करायला हरकत नाही की, ते पान मी मंदिराबाहेरच्या एका पोराकडून दहा रुपयांना घेतले होते. आणि डोळे मुळीच भरून आले नव्हते. डिसेंबरचा महिना, फरशी बर्फासारखी गार, पायांत मोजे नाहीत, आणि बाहेर काढून ठेवलेले नवे बूट जागेवर असतील की नाही ही एकच चिंता मनात होती.

वाचकांनी मला एकट्यालाच दोषी धरू नये. तीर्थाला गेलेल्या लेखकाचे डोळे पाणावलेच पाहिजेत, असा आपल्याकडे अलिखित दंडक आहे. लग्नात करवलीने जसे मिरवलेच पाहिजे, तसे. गेल्या काही महिन्यांत मी बोधगयेला गेलेल्या जुन्या-नव्या प्रवाशांची वर्णने समोर घेऊन बसलो होतो. कुणाचे डोळे खरोखर भरले आणि कुणी ते भरून घेतले, एवढेच मला पाहायचे होते. हा उद्योग टीकाकाराचा आहे की पोलिसांचा, असे घरातून विचारले गेले. पण चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक, या न्यायाने माझा अधिकार मोठा आहे.

फाहियानपासून सुरुवात करावी लागते. हा चिनी भिक्षू ३९९ साली घरून निघाला, आणि पाचव्या शतकाच्या आरंभी गयेला पोचला. गया नगर आतून ओसाड पडले आहे, आणि बुद्धाला जिथे ज्ञान झाले तिथे तीन विहार आहेत, त्यांत भिक्षू राहतात, हे तो सांगतो आणि पुढे चालू लागतो. त्याचा गद्यात हात आखडता. मात्र जे पाहिले ते पाहिले आणि जे ऐकले ते ऐकले, असा त्याचा बाणा आहे, आणि त्याला मी पूर्ण गुण देतो.

ह्युएनत्संगापाशी मात्र थांबावे लागते. हा सातव्या शतकातला, साधारण ६३७ सालच्या सुमारास तिथे आलेला. त्याने आपल्या ग्रंथात बोधगयेचे जे वर्णन केले आहे ते एखाद्या दक्ष सर्व्हेअरने करावे तसे आहे. विटांची भिंत किती पावलांची, विहार किती उंच (तो १६०–१७० फूट म्हणतो), झाड पूर्वी किती होते आणि आता किती उरले. शशांक राजाने झाड तोडल्याची आणि पूर्णवर्म्याने गाईंचे दूध घालून ते पुन्हा वाढवल्याची हकीकत तो देतो. बोधिसत्त्वाच्या दोन मूर्ती जमिनीत बुडत चालल्या आहेत, त्या दिसेनाशा झाल्या की धर्मही लोपेल, अशी म्हाताऱ्या माणसांत समजूत आहे असे सांगून, दक्षिणेकडची मूर्ती छातीच्या वर बुडालेली आहे, अशी तो शांतपणे नोंद करतो. या एका वाक्याने माझ्या अंगावर काटा आला. तो रडला असे मात्र त्याच्या ग्रंथात कुठेही नाही.

आणि तरीही ह्युएनत्संग म्हटले की आपल्याला बोधिवृक्षाखाली धाय मोकलून रडणारा भिक्षूच आठवतो! हे अश्रू आले कुठून? ते आले त्याच्या चरित्रातून, जे हुइली नावाच्या भिक्षूने लिहिले. तिथे तो जमिनीवर पालथा पडतो, बुद्धाला ज्ञान झाले तेव्हा आपण जन्ममरणाच्या कुठल्या फेऱ्यात सापडलो होतो कोण जाणे, असा विलाप करतो. वर्षावास संपवून जमलेले हजारो भिक्षू त्याला पाहून रडू लागतात. मग तिथे तो आठ-नऊ दिवस राहतो.

विद्वान लोक असे दोन पाठ दिसले की त्यांतला एक खोटा ठरवायला धावतात. मला तसे वाटत नाही. चरित्रकाराने रंग भरला असेल. चरित्रकार दुसरे काय करतात? पण मुळात गुरूने केव्हातरी, चहाच्या वेळी म्हणा, शिष्यांना ही गोष्ट सांगितली असणार, असे माझे मन म्हणते. तो खरोखर रडला म्हणूनच त्याने स्वतः ते लिहिले नाही. ज्याला भिंतीची पावले मोजायची आहेत, त्याला आधी डोळे पुसावे लागतात. माझ्या लेखात नेमके उलटे झाले होते. भिंतीकडे मी पाहिलेच नव्हते.

यानंतर सहाशे वर्षांनी, १२३४ साली, तिबेटातून धर्मस्वामी नावाचा भिक्षू आला. त्याचे चरित्र राहुल सांकृत्यायनांनी तिबेटातून शोधून आणलेल्या हस्तलिखितांतले. रोरिकने केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १९५९ साली पाटण्याला छापले गेले. ते मराठीत कुणीतरी आणायला हवे. धर्मस्वामी पोचतो तेव्हा वज्रासनाच्या ठिकाणी चार भिक्षू उरलेले आहेत. बाकीचे तुरुष्क सैन्याच्या भीतीने पळून गेलेले. मुख्य मूर्तीसमोरचे दार विटांनी चिणून गिलावा केलेला. जवळच दुसरी मूर्ती बदली म्हणून ठेवलेली. आणि बाहेरच्या दारावर, ते वाचावे म्हणून, चक्क महेश्वराचे चित्र काढलेले. हजारो कोसांवरून माणूस दर्शनाला आला, आणि समोर गिलाव्याची भिंत! बरे, रडायला वेळ कुठे आहे? पहाट होताच या मंडळींना गाडीच्या चाकोरीने पळ काढावा लागतो. सतरा दिवसांनी सैन्य लांब गेल्याची बातमी येते, तेव्हा ते परत येतात, आणि मग दर्शन.

सगळ्या वर्णनांत मला हे सर्वांत श्रेष्ठ वाटते, आणि त्यात अलंकार नावाला नाही. पुढे नालंदेला याच गृहस्थाने नव्वदी उलटलेल्या आपल्या गुरूला पाठीवर घेऊन सैन्यापासून वाचवले. असल्या माणसाला उपमा सुचत नसाव्यात.

मधली शतके मी सोडून देतो. एकोणिसाव्या शतकात साहेब आला. ‘लाइट ऑफ एशिया’ हे काव्य १८७९ साली लिहिणारा एडविन आर्नोल्ड काही वर्षांनी स्वतः तिथे गेला. झाडाची थोडी पाने घेऊ का, असे त्याने अदबीने विचारले; तिथला पुजारी म्हणाला, हवी तेवढी तोडा, आम्हाला त्याचे काय! आर्नोल्डला याचे फार वाईट वाटले. मला मात्र, ज्याने पानाचे दहा रुपये मोजले, त्या पुजाऱ्याच्या उदारपणाचा हेवा वाटतो. १८९१ च्या जानेवारीत सिंहलद्वीपाचा अनागारिक धर्मपाल आला, वज्रासनाला त्याने कपाळ टेकले आणि हे स्थान सोडून जायचे नाही असा निश्चय केला. त्यातून महाबोधी सभा, महंतांशी वाद, आणि पुढे १९४९ चा कायदा निघाला. त्याच्या रोजनिशीतला आवेग आजही गरम लागतो. तो अस्सल आहे, कारण त्याची किंमत त्याने पुढे आयुष्यभर भरली.

आता नव्या लेखकांबद्दल थोडे कडवट बोलले पाहिजे. अडीच हजार वर्षांपूर्वीचे तेच झाड आणि तेच मंदिर पाहून धन्य झालो, असे लिहिणारे अजूनही पुष्कळ आहेत. ते झाड १८७६ सालच्या वादळात पडले. आजचे झाड कनिंगहॅमने १८८१ मध्ये लावलेल्या रोपाचे. मंदिराचीही १८८० ते १८८४ या काळात फार मोठी दुरुस्ती झाली. एवढे माहीत झाल्याने भक्ती कमी होते असे ज्यांना वाटते, त्यांची भक्ती फारच नाजूक असली पाहिजे. झाड तोडले गेले, पडले, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी पुन्हा लावले. ही लावणाऱ्यांची गोष्ट त्या धन्यतेपेक्षा कितीतरी मोठी नाही का?

मराठीपुरते बोलायचे तर, आपल्याकडे धर्मानंद कोसंबींचे ‘निवेदन’ आहे. १९२४ साली पुस्तकरूपाने आले. गोव्यातल्या साखवाळचा हा तरुण बुद्धधर्म शिकण्याच्या ध्यासाने घर सोडून निघाला, नेपाळपर्यंत गेला, आणि तिथे धर्माची अवस्था पाहून हताश झाला. तिथून तो बोधगयेला आला. आता एखादा हुशार लेखक असता तर या ठिकाणी त्याने चार पाने गहिवर घातला असता. कोसंबी रेंगाळत नाहीत. शिकायचे असेल तर सिंहलद्वीपाला जा, असे तिथल्या एका भिक्षूने सांगितले, आणि हे निघाले. खिशात पैसे किती हे सांगायला ते लाजत नाहीत आणि हृदयात काय झाले हे सांगायला उतावीळ होत नाहीत. ज्यांनी अजून वाचले नसेल त्यांनी या सुट्टीत ‘निवेदन’ वाचावे. मोठ्या मुलांच्या हाती द्यावे.

१९०४ साली रवींद्रनाथ, जगदीशचंद्र बसू, भगिनी निवेदिता आणि इतिहासकार जदुनाथ सरकार अशी मंडळी बोधगयेला मुक्कामाला होती. इतके लिहिते हात एका जागी. पण जदुनाथांनी लिहून ठेवली आहे ती आठवण एका गरीब जपानी कोळ्याची. पै-पै साठवून तो बुद्धाच्या जागी आला होता आणि संध्याकाळी झाडाखाली बसून प्रार्थना म्हणत असे. त्याने स्वतः काही लिहिले नाही. त्याला पाहणारा चांगला भेटला, एवढेच.

आणि इथेच माझ्या लेखाची खरी अडचण सुरू होते. पान आणि अश्रू यांचे खोटे क्षम्य होते. ते माझ्यापुरतेच होते. पण त्या लेखात एक म्हातारीही होती.

भुसावळला अकोल्याकडची मंडळी आमच्या डब्यात चढली होती. चाळीस-बेचाळीस जण, बायका अधिक, ‘जय भीम’ म्हणत एकमेकांना जागा करून देणारे. माझ्या समोर साठी ओलांडलेल्या एक बाई बसल्या. मी त्यांना मावशी म्हणत होतो, त्या मला भाऊ म्हणत होत्या. त्यांनी मला गूळपोळी दिली, मी त्यांना खिडकी दिली. बोधगयेला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या मला झाडाजवळ दिसल्या. पांढरे पातळ, आजूबाजूला दिव्यांचा उजेड, पलीकडे फळ्यांवर दंडवत घालणारे तिबेटी यात्रेकरू. लेखकाला आणखी काय पाहिजे? मी लिहिले : निरक्षर, भोळी, श्रद्धेची साक्षात मूर्ती, तिच्या सुरकुतलेल्या गालांवरून धारा वाहत होत्या, आणि ओठ काहीतरी पुटपुटत होते. या परिच्छेदाचे सर्वांत जास्त कौतुक झाले.

२००५ च्या आरंभी संपादकांमार्फत एक आंतरदेशीय पत्र आले. मावशींच्या नातवाचे. अक्षर कॉलेजातल्या मुलाचे, भाषा संयमाची. त्याने लिहिले होते की, लेख गावच्या वाचनालयात आला. पण तो मी आजीला वाचून दाखवला नाही, तिने स्वतःच वाचला. १९५६ साली नागपूरला दीक्षेच्या वेळी ती सोळा वर्षांची होती, आणि त्यानंतर हट्टाने शिकली. यात्रेचा सगळा हिशेब तिच्याकडे होता. गर्दीत कुणी चुकू नये म्हणून दर ठिकाणी माणसे मोजणे हेही तिचेच काम. ओठ हलत होते ते त्यामुळे. त्या संध्याकाळी एक माणूस कमी भरत होता, आणि ती दोनदा मोजत होती. पुढे एक ओळ आजीच्या स्वतःच्या हातची होती, ठसठशीत अक्षरात : भाऊ, माझी तर झाडाकडे पाठ होती, मग धारा तुम्हाला कशा दिसल्या?

मी पत्र पुन्हा पुन्हा वाचले. खरोखरच त्यांची पाठ झाडाकडे होती. माझ्या डोळ्यांसमोर ते चित्र आजही स्पष्ट आहे. त्यांचे तोंड माझ्याकडे, म्हणजे गर्दीकडे होते. हे मला लिहिताना दिसत होते, आणि मी त्यांना वळवून उभे केले होते.

उत्तरात मी क्षमा मागितली आणि तो कमी भरलेला माणूस सापडला का, असे विचारले. महिन्याभराने पोस्टकार्ड आले. सापडला होता. बाहेर चपलांपाशी बसला होता. कुणा मराठी माणसाचे नवे बूट उघड्यावर दिसले म्हणून राखत.