त्यावरील बांधकामासह

गेली दहा-अकरा वर्षं मी एक काम नेमाने करतो आहे. रविवारच्या वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींमधून पुण्यातल्या जुन्या बंगल्यांच्या विक्रीच्या जाहिराती कापायच्या आणि तारखेसह एका जाड वहीत चिकटवायच्या. आता तीन वह्या भरल्या आहेत. मी वास्तुविशारद नाही, प्राध्यापकही नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब लिहिले. घरांविषयी जे थोडंफार कळतं ते वडिलांच्या नकाशांमुळे. ते एका वास्तुविशारदाच्या कचेरीत ड्राफ्ट्समन होते. डेक्कन-एरंडवण्यातल्या बंगल्यांचे नकाशे ते काढत आणि आम्ही राहत होतो ते मात्र कसबा पेठेतल्या वाड्यातल्या दोन खोल्यांत. हे आधीच सांगून टाकतो. बंगल्यात बालपण गेलेल्या माणसाचा हळवेपणा वाचकांनी या लेखात शोधू नये.

विक्रीची जाहिरात हा एक लेखनप्रकार आहे. त्यात काय लिहायचं, काय गाळायचं याचे संकेत ठरलेले असतात. शहरातल्या घरांविषयी सर्वांत जास्त वाचलं जाणारं लेखन बहुधा हेच असावं, आणि अनेक घरांच्या बाबतीत तर ते एकमेव छापील लेखन असतं. म्हणून एखाद्या कथेची चिकित्सा करावी तशी या जाहिरातींची करून पाहावी, असं मला वाटत आलं आहे.

प्रथम ही घरं कोणती ते सांगतो. ‘प्रभात’ फिल्म कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्यात आली. तिच्या नावाचा रस्ता, भांडारकर रस्ता, लॉ कॉलेज रस्ता आणि डेक्कन जिमखान्याच्या गल्ल्या या पट्ट्यात साधारण १९३५ ते १९६५ या काळात जे बंगले उभे राहिले, त्यांच्याविषयी मी बोलतो आहे. काळ्या दगडाचं जोतं, भार पेलणाऱ्या जाड भिंती, वर आरसीसीचा सपाट स्लॅब. खिडक्यांवर पातळ छज्जे, एखाद्या गॅलरीच्या कोपऱ्याला गोलाई, जिन्याला उजेड देणारी सिमेंटची जाळी, पायाखाली मोझॅकची फरशी. वाड्यातलं माजघर गेलं आणि हॉल आला. चूल जाऊन उभ्याचा ओटा आला. संडास परसातून घरात आला. मराठी मध्यमवर्ग आधुनिक झाला म्हणजे काय झालं, हे या नकाशांवर बोट ठेवून दाखवता येतं.

या घरांच्या रूपामागे रोखठोक कारणंही होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं. मधला थोडा काळ सोडला तर ते १९८२ मध्ये अंशतः आणि १९८९ मध्ये पूर्णपणे उठलं. परमिटवर मिळेल तेवढ्या सिमेंटात घर बसवायचं, म्हणून भार भिंतींवर ठेवायचा आणि सिमेंट स्लॅब, लिंटेल, छज्जा एवढ्यापुरतं वापरायचं, हे वडिलांच्या नकाशांत स्पष्ट दिसतं. बाहेरच्या जिन्याचंही तसंच. वरचा मजला भाड्याने देता यावा, भाडेकरूने मालकाच्या हॉलमधून ये-जा करू नये, म्हणून तो बाहेरून. पुढे १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी जवळपास गोठली. महागाई वाढली, भाडं तिथेच राहिलं आणि डागडुजी थांबली. आज त्या बंगल्यांच्या भिंतींवर जी ओल दिसते, तिला पावसाइतकाच हा कायदाही कारणीभूत आहे.

आता जाहिरात पाहू. माझ्या वह्यांतल्या बहुतेक जाहिराती एकाच साच्यातल्या आहेत. तो साचा असा: ‘प्रभात रोड, आतील गल्ली, स्वतंत्र प्लॉट, जुने बांधकाम, क्लिअर टायटल, डेव्हलपमेंटसाठी उत्तम. एजंट क्षमस्व.’ यात चौरस फूट येतात ते प्लॉटचे. समोरचा रस्ता किती रुंद हेही येतं, कारण जादा चटईक्षेत्र किती मिळणार हे त्यावर ठरतं. घरात खोल्या किती, ते कधी बांधलं, कोणी बांधलं, यातलं काहीही येत नाही. १९३६ चा बंगलाही ‘जुना’ आणि १९६४ चाही ‘जुना’. ‘बांधकाम’ हा शब्द तर नीट पाहण्यासारखा आहे. राहत्या घराला आपण कधी बांधकाम म्हणत नाही. हा शब्द आपण एरवी दोनदाच वापरतो: काम चालू असताना, किंवा ते अनधिकृत ठरल्यावर. जाहिरातीत घराचं ‘बांधकाम’ झालं, की ते पाडण्याची निम्मी तयारी भाषेनेच केलेली असते.

जाहिरातीनंतर येते ती वकिलाची जाहीर नोटीस. ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की’ अशी तिची सुरुवात. खाली मिळकतीचं वर्णन, सिटी सर्व्हे नंबर, पूर्वेस-दक्षिणेस-पश्चिमेस-उत्तरेस काय आहे ती चतुःसीमा, आणि शेवटी चार शब्द: ‘त्यावरील बांधकामासह सर्व मिळकत’. जुन्या खरेदीखतांत याच्या जोडीला जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेप अशी ओळ असे. म्हणजे अंगणातल्या गवताचा उल्लेख आहे, कोणालाही न सापडलेल्या पुरलेल्या धनाचाही आहे; ज्या फरशीवर तीन पिढ्या चालल्या तिचा नाही. दस्त लिहिणाऱ्याचा हा दोष नव्हे. शेतजमिनीसाठी घडलेली भाषा शहरातल्या घरालाही तशीच लावली गेली, आणि घराचं वर्णन करणारी दुसरी भाषा आपण घडवलीच नाही.

हा सगळा विचार माझ्यापुरता कागदावरचाच राहिला असता. पण तीन वर्षांपूर्वी अशाच एका बंगल्याची जाहिरात लिहिण्याची वेळ माझ्यावर आली. घर १९५८ सालचं. त्याच्या नकाशाची प्रत माझ्याकडे आहे, कारण तो वडिलांच्या हातचा. मालक भावंडं तीन, तीन गावांना. त्यांतली धाकटी बहीण कॅलिफोर्नियात पालो आल्टोला असते. तिने फोन केला, ‘‘दादा, तुम्ही या घरांवर इतकं वाचलंय, तर आमची जाहिरात तुम्हीच लिहा ना. आणि इकडे याच वयाची घरं कशी विकतात तेही बघा.’’ सोबत तिने तिच्या गावातल्या विक्रीच्या काही जाहिराती पाठवल्या.

त्या घरांचा बांधणारा जोसेफ आयक्लर. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पंचवीसेक वर्षांत त्याने, मुख्यतः कॅलिफोर्नियात, अकरा हजारांवर घरं बांधली. अँशेन अँड ॲलन, जोन्स अँड एमन्स, क्लॉड ओकलंड अशा चांगल्या वास्तुविशारदांकडून नकाशे करून घेऊन ती मध्यमवर्गाला विकली. बैठी घरं, उघडे खांब आणि तुळया, रस्त्याकडे जवळपास कोरी भिंत, मागच्या अंगणाकडे जमिनीपासून छतापर्यंत काच, जमिनीच्या स्लॅबमधून फिरवलेले गरम पाण्याचे नळ, आणि पुढच्या घरांत मधोमध उघडा चौक. आपल्या वाड्यातल्या चौकाची आठवण व्हावी असा. पालो आल्टोतल्या अशा दोन वसाहती, ग्रीन गेबल्स आणि ग्रीनमेडो, २००५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत गेल्या.

त्या जाहिराती वाचताना मला हेवा वाटला, हे कबूल करतो. वास्तुविशारदाचं नाव आहे, साल आहे, भिंतीवरची लाकडी तक्तपोशी मूळची आहे की बदललेली हेही आहे. आणि सगळ्यांच्या माथ्यावर एक नाव: ‘मिड-सेंच्युरी मॉडर्न’. हे नाव त्या घरांइतकं जुनं नाही. ते रूढ केलं कारा ग्रीनबर्ग यांच्या १९८४ सालच्या पुस्तकाने, आणि तेही मुख्यतः फर्निचरसंदर्भात. घरं बांधली जात होती तेव्हा ती नुसती नवी घरं होती. आपल्याकडे मरीन ड्राइव्हच्या इमारतींचं तेच झालं. ‘आर्ट डेको’ हे नाव रुळलं १९६८ च्या बेव्हिस हिलियर यांच्या पुस्तकानंतर. इमारती त्याआधी तीसेक वर्षं उभ्या होत्या. २०१८ मध्ये मुंबईच्या त्या इमारती जागतिक वारशात गेल्या, त्या या नावानिशी. म्हणजे नाव मिळालं की घर वाचतं, असा निष्कर्ष मी काढला आणि त्याच उत्साहात जाहिरात लिहायला बसलो.

सव्वाशे शब्दांची जाहिरात झाली. बांधणीचं साल, दगडी जोतं, मोझॅकची नक्षी, सागवानी खिडक्या, गोल गॅलरी, सिमेंटची जाळी, ‘स्वतंत्र बाहेरील जिना’. भावंडांना आवडली. मग मध्यस्थाने ती हातात घेतली आणि प्लॉटचं क्षेत्रफळ, रस्त्याची रुंदी आणि टायटल एवढं ठेवून बाकी सगळं खोडलं. छापून आली ती नेहमीच्या साच्यातली जाहिरात. घर विकलं गेलं आणि आठ महिन्यांत पडलं. बरेच दिवस माझा राग त्या मध्यस्थावर होता.

नंतर एकदा माझाच मूळ मसुदा वाचताना मी ‘स्वतंत्र बाहेरील जिना’ या शब्दांशी अडलो. त्या जिन्याने वरच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका चाळीस वर्षांहून अधिक काळ चढत-उतरत होत्या. नकाशे आणि मोजमापं घ्यायला गेलो होतो तेव्हा त्यांनीच मला चहा दिला होता. जिना कोणासाठी होता हे मला नेमकं ठाऊक होतं. वर या लेखात ते लिहिलंही आहे. पण भाडेकरू म्हटलं की गिऱ्हाईक बिचकतं, म्हणून मी जिना ठेवला आणि बाई गाळल्या. मध्यस्थाने घर खोडलं. त्याआधी मी त्यातलं माणूस खोडलं होतं. पुढे त्या ठरलेली रक्कम घेऊन तळेगावला मुलीकडे गेल्या.

मग मी पालो आल्टोच्या जाहिराती पुन्हा काढल्या. तिथेही तेच. आयक्लरची खरी मोठी गोष्ट काचेच्या भिंतीत नाही. वंश पाहून घर नाकारणं हा तिथल्या धंद्याचा रिवाज असताना तो कोणालाही घर विकत असे, आणि बांधकाम व्यावसायिकांची राष्ट्रीय संघटना भेदभावाविरुद्ध उभी राहत नाही म्हणून १९५८ साली त्याने तिचा राजीनामा दिला. त्याच राज्यात १९१३ पासून नागरिकत्वाला अपात्र मानलेल्या आशियाई लोकांना जमीन विकत घेता येत नव्हती. तो कायदा १९५२ साली न्यायालयाने रद्द ठरवला. आज त्या गावात राहणाऱ्या मराठी बहिणीला हा इतिहास लागू आहे. पण तिने पाठवलेल्या एकाही जाहिरातीत त्यातलं काही नाही. आणि मध्यमवर्गासाठी बांधलेली ती घरं आज कित्येक दशलक्ष डॉलरांना जातात, ती त्याच नावाच्या जोरावर. आपली जाहिरात घराला नाव देत नाही आणि ते पाडते. त्यांची जाहिरात नाव देते आणि घराचा दागिना करते.

आपल्या हळहळीलाही हे लागू पडतं. ‘जुनं पुणं गेलं’ असं म्हणताना त्या गल्ल्यांत कोणत्या जातीची, कोणत्या ऐपतीची माणसं घर बांधू शकत होती आणि कोण फक्त भांडी घासायला मागच्या दाराने येत होतं, हे आपण बोलत नाही. १९६३ चा मोफा आणि १९७० चा अपार्टमेंट कायदा आल्यावर एका कुटुंबाच्या जागी दहा-बारा कुटुंबं राहू लागली, त्यांत पहिल्यांदाच स्वतःचं घर झालेले कारकून आणि शिक्षकही होते. मी स्वतः कोथरूडला ज्या फ्लॅटमध्ये राहतो, तिथे आधी बंगलाच होता. म्हणून प्रत्येक बंगला जपा, असं म्हणण्याचा मला अधिकार नाही आणि तसं माझं म्हणणंही नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, की घराचं वर्णन करण्याचं काम आपण विकणाऱ्यावर सोडलं आहे. विकणारा घराची स्तुती करो की त्याला ‘बांधकाम’ म्हणो, किंमत बिघडवणारं सगळं तो गाळणारच, मीही गाळलं. ते वर्णन ज्याला काही विकायचं नाही अशाने करायला हवं. त्याला फारसं काही लागत नाही. मंजूर नकाशाची प्रत, खोल्यांची मोजमापं, चारही बाजूंची छायाचित्रं, आणि घरात कोण कोण राहिलं, कामाला कोण येत होतं, वर भाड्याने कोण होतं, याची चार पानं. जवळच्या वाचनालयात त्याची एक प्रत. घर पडायचं असेल तर पडेल. पण मग ते ‘त्यावरील बांधकाम’ म्हणून पडणार नाही.

त्या १९५८ च्या बंगल्याचं हे काम मी उशिरा का होईना केलं. तळेगावला जाऊन बाईंशी दोन दुपारी बोललो. त्यांनी सांगितलं, की जिन्याची तिसरी पायरी बाकीच्यांपेक्षा बोटभर उंच होती आणि नवा माणूस हमखास तिथे अडखळायचा. मी घरी येऊन नकाशा उलगडला. नकाशात सगळ्या पायऱ्या सारख्या आहेत. उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत वर वास्तुविशारदांचं नाव ठळक, आणि खाली ‘ड्रॉन बाय’च्या रकान्यात वडिलांची बारीक आद्याक्षरं. पायरीची नोंद मी शेजारी पेन्सिलीने केली आहे.