रात्रीस खेळ चाले

झी मराठी वाहिनीवरील एक भयप्रधान, तथापि विनोदाची भक्कम जोड लाभलेली दूरचित्रवाणी मालिका. तिचे पहिले पर्व २०१६ मध्ये, दुसरे २०१९-२० मध्ये व तिसरे २०२१-२२ मध्ये प्रक्षेपित झाले. मालिकेचे शीर्षक हा खेळ सावल्यांचा (१९७६) या चित्रपटातील गीतावरून घेतलेले असून चित्रीकरण सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आकेरी येथे झाले. अण्णा नाईक यांच्या मृत्यूनंतर वाड्यात जमलेल्या कुटुंबावर ओढवणारी गूढ संकटे हा पहिल्या पर्वाचा विषय होय. दुसऱ्या पर्वात अण्णांच्या हयातीतील पूर्वकथा येते, तर तिसऱ्यात अण्णा व शेवंता यांचा भुतांच्या रूपाने वावर दिसतो.

मालवणी बोली हे मालिकेचे प्रमुख बलस्थान. भय आणि हास्य यांसाठी स्वतंत्र पात्रे न योजता दोन्ही एकाच बोलीतून, एकाच घरातून उत्पन्न केली आहेत. विसरभोळा गडी पांडू (प्रल्हाद कुडतरकर, मालिकेचे एक लेखकही तेच) हसवता हसवता अशुभाची चाहूल देतो. वच्छीचे शिव्याशाप ऐकताना हसू येते आणि धास्तीही वाटते. माधव अभ्यंकर यांनी साकारलेल्या अण्णांमुळे दुसरे पर्व अधिक सकस ठरले. कारण तेथील भय भुताचे नसून जिवंत माणसाच्या वासनेचे व लोभाचे आहे.

उणिवा बव्हंशी दैनंदिन प्रक्षेपणातून उद्‌भवल्या आहेत. प्रत्येक भागाच्या शेवटी धक्का देण्याच्या अट्टहासामुळे अनेक धागेदोरे लोंबकळत राहतात. घटना मानवी कारस्थानाच्या की अतिमानवी, याविषयी लेखन दोलायमान राहते. तिसऱ्या पर्वात भुते नित्याची झाल्याने त्यांची भीती ओसरली आणि भीतीवर आधारलेला विनोदही फिका पडला. कोकणी माणूस अंधश्रद्ध दाखविल्याचा आक्षेप सिंधुदुर्ग जिल्ह्यातून २०१६ मध्येच घेण्यात आला होता.

या आक्षेपाचे मर्म वऱ्हाडातील परंपरेशी तुलना केल्यास अधिक स्पष्ट होते. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेले गाडगे महाराज (१८७६–१९५६) वऱ्हाडी बोलीतील कीर्तनांतून श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि नवस, पशुबळी यांसारख्या प्रथांवर त्यांना हसवीत. तेथे हास्य हा भयावरील उतारा होता. प्रस्तुत मालिकेत मात्र तो बहुधा पुढील धक्क्यापूर्वीचा विसावा ठरतो. प्रेक्षक हसतो, पण त्याची भीती तपासली जात नाही.

बोलीच्या सामर्थ्याबाबत मात्र मालिकेचे श्रेय मान्य करावे लागते. उद्धव शेळके यांच्या धग (१९६०) या कादंबरीत कौतिकच्या जीवनसंघर्षाचा दाह वऱ्हाडी संवादांनी समर्थपणे पेलला आहे. तरीही दूरचित्रवाणीवर ही बोली मुख्यत्वे हसविण्यापुरतीच वापरली गेली. अमरावती-अकोल्याच्या प्रेक्षकाला मालवणीतील हा प्रयोग म्हणूनच अनुकरणीय वाटावा, तसाच तो सावध करणाराही आहे : बोली छोट्या पडद्यावर गंभीर भावनेचा भार वाहू शकते, परंतु ती बोलणारा समाज भोळसट व भित्रा ठरणार असेल, तर तो लौकिक महागात पडतो.