लावणीला दहापैकी किती?

आमच्या वडगाव निंबाळकरात परीक्षक व्हायला फारसं काही लागत नाही. पारावर बसता आलं की झालं. बैल, ऊस, दुसऱ्याची सून आणि सभेतला वक्ता, सगळ्यांना इथं जागच्या जागी गुण मिळतात आणि ते बहुधा चुकतही नाहीत. पण लावणी म्हटली की हीच तज्ज्ञ मंडळी गडबडतात. त्यांचा तरी काय दोष? लावण्या नाना तऱ्हेच्या, आणि गुणांचा कागद मात्र एकच!

आमचीच नीरा खाली वाहत जाते, त्या काठावर अकलूज. तिथं १९९३ साली लावणी स्पर्धा सुरू झाल्या आणि संगीत बारीतल्या पार्ट्यांना थिएटराबाहेर एक मानाची जागा मिळाली. याबद्दल वाद नाही. माझा वाद आहे तो स्पर्धेच्या कागदाशी. अकलूजच्याच असं नव्हे, गावोगावच्या. वेशभूषेला दहा, तालाला दहा, अदाकारीला दहा. जणू लावणी म्हणजे सातवीची चाचणी परीक्षा.

आता बैठकीची लावणी घ्या. वाईच्या यमुनाबाई वाईकर (त्यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली त्या गेल्या) बसल्या जागी अदा करायच्या. ओळ एकच, पण ती पुन्हा आली की नवी होऊन यायची. एकदा रुसून, एकदा टोमणा मारून, एकदा नुसत्या मनगटातून. ही चीज बघायची ती जाजमावर बसून. तीच मोठ्या मंडपात नेऊन ठेवा. बाईंनी भुवई उचलली ती पुढच्या पाच रांगांना दिसते. मागच्या पंचवीस रांगांना दिसते ती नुसती बसलेली बाई!

उलट, उभ्यानं नाचणारी पोरगी पायात किलोकिलोंची चाळ बांधून गिरक्या घेते, ते पार सायकल स्टँडवरच्या माणसालाही कळतं. मागून शिट्ट्या येतात. परीक्षक झाला तरी माणूसच. सातावर टेकलेलं पेन शिट्टीसरशी नवावर जातं. तिची मेहनत खोटी नाही हो! पण नंबर आला की सुपाऱ्या येतात, सुपाऱ्यांवर दहा-पंधरा माणसांची चूल पेटते. मग पुढल्या साली पार्टीतली धाकटी पोर काय शिकेल? गिरकीच शिकेल. भुवईला कोण विचारतो?

तिकडे आर्जेंटिनात, ब्यूनोस आयर्सला, २००३ पासून टँगो नाचाची जागतिक स्पर्धा भरते. त्या लोकांनी मुळातच दोन चुली मांडल्या. एकीत दहाएक जोड्या एकदम फेर धरतात. गाणं कुठलं लागेल ते आधी ठाऊक नाही, उड्या मारायच्या नाहीत, आणि गाणं संपेपर्यंत मिठी सोडायची नाही. दुसरी रंगमंचाची, तिथं एकेक जोडी बसवलेला नाच करते, बाईला उचला, फिरवा, काय हवं ते करा. एकीचे गुण दुसरीला लागत नाहीत. मी हे पारावर मोठ्या उत्साहानं सांगितलं. मिठीचा नियम ऐकून मंडळी थोडा वेळ गप्प झाली. मग एक आबा म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. जज कुठं बसतो त्ये सांगा."

खरा प्रश्न हाच. आपल्याकडे जज बसतो सोफ्यावर, पुढे टीपॉय, त्यावर फुलदाणी, आणि फुलदाणीच्या फटीतून दिसेल तेवढी कला. माझं म्हणणं एवढंच, की बैठकीच्या लावणीची स्पर्धा वेगळी घ्या, जाजम अंथरा आणि परीक्षकाला हातभर अंतरावर मांडी घालून बसवा. गुडघे दुखत असतील तर त्यानं निमंत्रण घेऊ नये. आणि वेशभूषेचे दहा गुण काढून पेटीवाल्याला द्या. बाई ओळ फिरवते तेव्हा अंधारात तिच्या मागोमाग जाणारा तो एकटा असतो, आणि निकालाच्या वेळी त्याचं नाव माइकवर कुणी घेत नाही.