अंडं कुठं घालणार? : काल्पनिक जगातल्या शिकारी पक्ष्यांविषयी

मंडळी, आजचा विषय जरा चमत्कारिक आहे. माणसाएवढे उंच, उडता न येणारे, शिकार करून जगणारे पक्षी. आणि तेही कुणीतरी रचलेल्या जगातले. असं रचणाऱ्यांची आता एक परंपराच झाली आहे. जग कल्पनेतलं घ्यायचं, उत्क्रांतीचे नियम मात्र खरे ठेवायचे, आणि तिथं कोणते प्राणी घडतील ते सांगायचं. डूगल डिक्सन या स्कॉटिश लेखकाच्या 'आफ्टर मॅन' या १९८१च्या पुस्तकानं या प्रकाराला वाचक मिळवून दिले. चित्रं सुंदर असतात, म्हणून आपण ती बघतो आणि पुढं जातो. मी याला साहित्यच मानतो, त्यामुळं साहित्याला विचारतो तोच प्रश्न यालाही विचारणार : सांगितलेलं पटतं का?

यातला सगळ्यात गाजलेला पक्षी २००२च्या 'द फ्यूचर इज वाइल्ड' या मालिकेतला. काळ आजपासून ५० लाख वर्षांनंतरचा. माणूस संपलाय, हिमयुगामुळं ॲमेझॉनचं जंगल सुकून गवताळ माळ झालाय, आणि तिथं दोन मीटर उंचीचा 'काराकिलर' टोळीनं शिकार करतोय. त्याचा पूर्वज काराकारा. हा दक्षिण अमेरिकेतला, ससाण्याच्याच कुळातला पक्षी.

ही निवड मला फार आवडते. सुचवायला गरुड सोपा होता. पण गरुडाचं सगळं बळ हवेतनं झेप घेण्यात. त्याला जमिनीवर आणायचं तर आधी मोडावं लागेल. काराकारा आजच जमिनीवर चालत भक्ष्य हुडकतो. कुठं वणवा लागला की त्याच्या कडेला येऊन बसतो, निसटणारे किडे-सरडे टिपायला. तुम्ही धुरा पेटवला की कोतवाल आणि घारी कशा गोळा होतात? तसंच. जी सवय आधीपासून आहे तीच लेखकांनी ताणली, म्हणून पक्षी पटतो.

खटकतं ते पुढं. जागा रिकामी केल्याशिवाय शिकारी पक्षी उभाच करता येत नाही, असं या लेखनात जवळजवळ गृहीतच असतं. वाघ-सिंह काढा, कोल्हे-लांडगे काढा, मग पक्षी सोडा. याच्या मुळाशी एक जुनी गोष्ट आहे. दक्षिण अमेरिकेत फोरुस्रॅकिड नावाच्या कुळातले असे पक्षी खरोखर होते, कोट्यवधी वर्षं होते. त्यातल्या केलेंकेनची कवटी ७० सेंटिमीटरहून लांब, म्हणजे घोड्याच्या डोक्याएवढी. दोन्ही अमेरिका जोडल्या गेल्या, उत्तरेकडून मांजर आणि कुत्र्याच्या कुळातले शिकारी उतरले आणि पक्षी हरले, अशी ती गोष्ट. पण याच कुळातला टायटॅनिस उलट उत्तरेला गेला! फ्लोरिडा आणि टेक्सासमध्ये त्याची हाडं मिळाली आहेत, आणि तिथं तो त्याच मांजर-कुत्र्यांच्या शेजारी लाखो वर्षं टिकला. मग आपल्या लेखकांना एवढी झाडलोट कशाला लागते? शेजारी असताना पक्षी कसा जगला असता, हे लिहायला अवघड आहे म्हणून. मी याला आळस म्हणतो.

दुसरी खोड चोचीची. चोच मोठी की शिकारी पक्का. गॅस्टॉर्निसचं हेच झालं. २००१ सालच्या बीबीसीच्या मालिकेतसुद्धा तो शिकारीच होता. पुढं हाडांतल्या कॅल्शियमची तपासणी झाली आणि २०१३ साली निष्कर्ष पुढं आला, की हा बहुधा झाडपाला खाणारा. असो.

आता खरा मुद्दा, अंड्याचा. काराकिलर आठवला की मला त्याची धाव आठवते, डोक्यावरचा तुरा आठवतो. तो कुठं बसला, अंडी किती दिवस उबवली, तेव्हा त्याला खायला कुणी आणलं, हे काही मनात उरत नाही. उडणारा पक्षी अंडं उंचावर ठेवून मोकळा होतो. ज्याचं उडणं गेलं त्याचं अंडं जमिनीवर आलं, आणि जमिनीवर मुंगसापासून घोरपडीपर्यंत सगळे टपलेले.

हे आपल्याच बालाघाटावर करून बघू. धारूरच्या डोंगरात तुम्ही कुठला पक्षी निवडाल? मी भारद्वाज निवडीन. त्याचं दर्शन आपण शुभ मानतो, पण तो पक्का शिकारी आहे : सरडे, लहान साप, गोगलगाई, दुसऱ्यांची अंडी, पिलं, काही सोडत नाही. उडणं बेताचंच, चालणं झोकात. काराकाराचा आपल्याकडचा भाऊच म्हणा. पण त्याची पिलं जन्मतः असहाय, म्हणून घरटं झुडपात दडवलेलं. तो दोन मीटरचा झाला तर कुठल्या झुडपात दडणार? टिटवीची पिलं थोड्याच वेळात पळायला लागतात, ती उघड्यावर अंडी घालू शकते. पण ती किड्यांवर जगणारी. सोलापूरकडचा माळढोक चालणारा, भारी वजनाचा, टोळाबरोबर सरडेही खाणारा. तो बहुधा एकच अंडं घालतो, तेही उघड्या जमिनीवर. एक अंडं गेलं की वर्ष गेलं. तिघांपैकी प्रत्येकात काही ना काही उणं. ते आधी कसं भरून निघालं ते लेखकानं सांगावं, चोच नंतर रंगवावी.

हे अशक्य आहे असं मात्र नाही. चाळीसगावजवळच्या पाटण्याला साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याची कवचं निघाली, त्यातल्या एकावर कोरीव रेघा आहेत. सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीची. म्हणजे न उडणारा थोरला पक्षी इथं होता, आणि लांडगे-तरसांच्या नाकासमोर अंडी घालत होता. जाड कवच, नर-मादीनं पाळीपाळीनं बसणं आणि निघाल्याबरोबर चालणारी पिलं, यावर त्याचं भागलं. पण तो चरणारा. शिकाऱ्याला भक्ष्यामागं जावं लागतं, आणि उबवणं चाळीसेक दिवसांचं.

हा प्रश्न अंगावर घेणारं एक लेखन मला माहीत आहे. डिलन बजडा यांची 'सेरिना', इंटरनेटवर वाढत गेलेली. एका उपग्रहावर पाठकणा असलेल्या प्राण्यांपैकी कॅनरी पक्षी आणि गप्पीसारखे छोटे मासे, एवढेच सोडलेले. बाकी किडे, मुंग्या, वनस्पती. दाणे टिपणाऱ्या त्या चिमुकल्या कॅनरीपासून थोरले शिकारी पक्षी घडतात. झाडलोट इथंही आहेच, पण ती पहिल्याच पानावर उघड सांगितलेली अट आहे. आणि काही पक्ष्यांच्या अंड्यातून पिलू न निघता अळीच निघते, किड्यांसारखी! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसलो होतो. पण जरा थांबून बघा : आईबापांनी बसून राहायची, पिलांना भरवायची सगळी अडचणच त्यानं उलटी केलीय. हे धाडस मालिकेत नाही. 'सेरिना' पसरट आहे, नावांची इतकी गर्दी की मध्ये वाट चुकते. कुणीतरी कात्री लावायला हवी होती. तरी काराकिलर आणि सेरिना यांतलं एकच वाचायला सांगा म्हटलंत, तर मी सेरिनाच सांगेन.

आता तुमचे प्रश्न घेऊ. भारद्वाजाच्या घरट्याची अडचण कुणी सोडवली असेल तर त्यांनी आधी बोलावं.