काठीची समीक्षा

पुस्तकाचं परीक्षण लिहायला ते पुस्तक वाचावंच लागतं असं नाही, हे आपल्याकडे आता सर्वमान्य आहे. गळाच्या काठीचं मात्र तसं नाही. ती पाण्यावर नेल्याशिवाय तिच्याविषयी काही बोलता येत नाही, आणि दुकानदार तर ती दाराबाहेरसुद्धा नेऊ देत नाही. मग गिऱ्हाईक काय करतं? काठी हातात घेतं, दोनदा हवेत हलवतं, 'हं' म्हणतं आणि तीनशे डॉलर मोजतं. अमेरिकेतल्या ज्या विस्कॉन्सिन राज्यात माझी नोकरी गेली (म्हणजे पूर्ण झाली) आणि आता निवृत्तीही जाते आहे, तिथे या हलवण्यालाच समीक्षा समजतात. माझा या समीक्षापद्धतीला विरोध आहे.

पण आधी मासा. मस्की, म्हणजे संपूर्ण नावानं मस्केलंज, हा उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यातला मासा. अंगानं लांबुडका, जबडा बदकाचा आणि दात मात्र सुसरीचे. विस्कॉन्सिननं १९५५ साली त्याला राज्याचा मासा म्हणून जाहीर केलं. राज्याच्या उत्तरेला हेवर्ड नावाचं गाव आहे, तिथे गोड्या पाण्यातल्या मासेमारीचं एक संग्रहालय आहे आणि त्याच्या आवारात फायबरग्लासची सुमारे १४३ फूट लांबीची मस्की उभी केली आहे. तिच्या पोटातून जिना चढून गेलं की जबड्यात उभं राहून आजूबाजूचा परिसर न्याहाळता येतो. खरी मस्की भेटणं इतकं सोपं नाही. तिला 'दहा हजार फेकींचा मासा' म्हणतात. दहा हजार वेळा आमिष फेकावं तेव्हा एकदा लागतो, असा हिशेब. आमच्या हिचं माहेर मालवणचं. तिनं हा आकडा ऐकला आणि एवढंच विचारलं, "बाजार कुठे आहे तिथला?"

तर काठी. पूर्वी मस्कीची काठी साडेपाच-सहा फुटांची असे आणि वाकण्याचं नाव नसे. लोक तिला बिलियर्डची काठीच म्हणत. त्यात वेडेपणा नव्हता. त्या काळचा दोरा डेक्रॉनचा, ताणला की लांबणारा. लाकडी आमिषं हिसके देऊन पोहवावी लागत. दोरा लांबतो, माशाचा जबडा हाडाचा, तेव्हा गळ रुतवायला काठीच ताठ हवी. पुढे १९९० नंतर न ताणणारा विणलेला दोरा आला आणि ताठरपणाचं कारण संपलं. कारण संपलं म्हणून सवय संपते असं आपल्याकडे कधी झालं आहे का? अमेरिकेतही नाही. अजून एखादा आजोबा दुकानात येतो, काठी वाकवून पाहतो, ती वाकली की तोंड वाकडं करतो.

काठ्या बनवणारी मंडळी हुशार आहेत. विस्कॉन्सिनमधल्याच पार्क फॉल्स गावात सेंट क्रॉय कंपनी १९४८ पासून हेच करत आली आहे. माझं भांडण आहे ते कॅटलॉग लिहिणाऱ्यांशी. त्यांचा लाडका शब्द 'संवेदनशील'. अहो, लहान माशाची चोच लागली की नाही हे ओळखायला काठी संवेदनशील हवी, मान्य. पण मीटरभर लांबीचं जनावर आमिषावर तुटून पडलं हे कळायला? दारावर पोलीस आला हे कळायला दार संवेदनशील लागतं का?

दुसरा घोळ 'पॉवर' आणि 'ॲक्शन' यांचा. काठी वाकवायला जोर किती लागतो ती पॉवर, आणि वाकते कुठे, शेंड्यात की मध्यावर, ती ॲक्शन. या दोन गोष्टींची कॅटलॉगवाले बेमालूम भेळ करतात. त्यात 'हेवी' म्हणजे किती हेवी याला सर्वांना बांधील असं माप नाही. एकाची 'हेवी' ती दुसऱ्याची 'एक्स्ट्रा हेवी'. हे म्हणजे खानावळीतल्या 'मध्यम तिखट'सारखं. खरं बोलणारी एकच ओळ असते, ती मुठीच्या वर बारीक अक्षरात: किती वजनाचं आमिष फेकायचं. '३ ते ८ औंस' असं असेल तर समजावं की ८५ ते २२५ ग्रॅम, म्हणजे कांद्यापासून छोट्या नारळाच्या वाटीपर्यंत काहीही फेका. दिवसभर.

पण काठीची खरी परीक्षा फेकण्यात नाहीच. ती आहे होडीच्या कडेला. मस्कीला एक खोड आहे. ती आमिषामागून येते, अगदी होडीपर्यंत येते आणि नुसती बघत राहते. लग्नाला आलेल्या दूरच्या नातेवाइकासारखी, जेवायचं की नाही ते ठरलेलं नाही. अशा वेळी आमिष पाण्याबाहेर काढायचं नसतं. काठीचा शेंडा पाण्यात खुपसून आमिषाचा आठचा आकडा काढायचा. हा आठ इंग्रजी बरं का! मराठी ८ काढलात तर तो खाली मोकळाच राहतो आणि मासा तिथूनच निघून जातो. इंग्रजी आठाचं वळण मात्र प्रशस्त हवं, कारण चार फुटी मासा काही गल्लीतल्या रिक्षासारखा जागच्या जागी वळत नाही. सहा फुटी काठीनं काढलेला आठ म्हणजे टपाल तिकिटावरची सही. नऊ फुटीनं काढलेला आठ रांगोळीसारखा ऐसपैस येतो, आणि आमिषही खोल राहतं. दुकानात हलवून हे कसं कळणार?

मग सरळ नऊ फुटीच घ्यावी? इथे मी कॅटलॉगची बाजू सोडून आपल्या लोकांची घेतो. लांब काठीची मूठही लांब असते. पाच फूट चार इंच उंचीच्या माणसाच्या ती काखेत अडकते. माझं मत साडेआठ फुटांचं, आणि तीही खालचा भाग मुठीत सरकून आखूड होणारी. अखंड काठी गाडीत ठेवली की ती काचेपासून मागच्या काचेपर्यंत जाते, वाटेत हिच्या कानाला भेटून.

काठी दणकट का हवी याचं खरं कारण वेगळंच आहे. विस्कॉन्सिनमध्ये बहुतेक पाण्यांवर ४० इंचांखालची मस्की ठेवताच येत नाही, आणि त्याहून मोठी लागली तरी बरेच जण मोजतात, फोटो काढतात आणि सोडून देतात. पन्नास इंचांची मादी व्हायला पंधराच्या आसपास वर्षं जातात. नाजूक काठीनं तिला अर्धा तास दमवत राहिलं, त्यात उन्हाळ्याचं कोमट, प्राणवायू कमी असलेलं पाणी असलं, की ती सोडल्यावर रुबाबात निघून जाते आणि नंतर नजरेआड मरते. फोटोत दोघंही हसत असतात. तेव्हा जाड काठी म्हणजे दांडगाई नव्हे, दयाच. चार मिनिटांत होडीपाशी, गळ काढला, सुटका. पाणी २७ अंशांवर गेलं तर जाणती माणसं काठी घरीच ठेवतात.

हे मी हिला सविस्तर सांगितलं. ती म्हणाली, "सोडायचाच आहे, तर पकडता कशाला?" या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही कॅटलॉगात नाही.

राहता राहिल्या दोऱ्याच्या कड्या. आतल्या बाजूला सूक्ष्म तडा असला तर दोरा कातरला जातो, आणि डोळ्यांना तो दिसत नाही. त्यावर उपाय म्हणजे कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवायचा. तडा असला तर तंतू अडकतात. कापूस मी घरूनच नेतो. दुकानातला पोरगा मोठा अदबीचा आहे. मी कापूस काढला की तो मुद्दाम मोठ्यानं बोलायला लागतो.