सल्लागाराचे चरित्र: ‘मुक्तांगणची गोष्ट’

डॉ. अनिल अवचट यांचे ‘मुक्तांगणची गोष्ट’ हे पुस्तक व्यसनमुक्तीच्या एका संस्थेचा इतिहास म्हणून सर्वश्रुत आहे. आम्ही त्याचा विचार येथे निराळ्या दृष्टीने करणार आहोत. प्रौढ माणसास सल्ला देणे हाच जिचा व्यवसाय, अशा एका स्त्रीचे ते चरित्र आहे, आणि या जातीचे चरित्र मराठीत विरळाच. वकिलांची, वैद्यांची, समाजसुधारकांची चरित्रे आपणांपाशी आहेत. परंतु दुसऱ्याचे ऐकून घेणे हेच ज्यांचे कर्तृत्व, त्यांविषयी लिहावयाचे तरी काय, असा प्रश्न लेखकांस पडत असावा.

चरित्रनायिका डॉ. अनिता अवचट, लेखकाच्या लेखनात सर्वत्र सुनंदा. पतिपत्नी दोघेही वैद्यकीचे पदवीधर. पतीने वैद्यकी सोडून लेखणी धरली. पत्नीने मनोविकारांचे शास्त्र पत्करले आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयात सरकारी चाकरी केली. आमच्या दापोडीहून मुळेच्या प्रवाहाबरोबर खाली गेले, की संगमापलीकडे लागते ते हेच येरवडे. ऐंशीच्या दशकात ‘गर्द’ या नावाने विकल्या जाणाऱ्या विषाने शहरांतली तरुण मुले नासू लागली. 1985 साली अमली पदार्थांविरुद्ध कडक कायदा झाला. अवचटांनी त्या विषयावर लेखन केले, ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी आपणहून द्रव्यसाह्य देऊ केले, आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी मनोरुग्णालयाच्याच आवारात मुक्तांगण उभे राहिले. द्रव्य साहित्यिकाचे, जागा सरकारची; परंतु रोग्यासमोर रोज बसावयाचे होते ते सुनंदाबाईंना.

त्या कशा बसल्या, हे कळण्यास थोडे मागे जाणे अवश्य आहे. मद्यपी म्हटला की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे अद्याप गडकऱ्यांचा सुधाकरच येतो. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले 1919 साली. तेव्हापासून सिंधूसाठी आपण रडत आलो. परंतु त्या नाटकातल्या सल्लागाराकडे, म्हणजे रामलालकडे, टीकाकारांनी जरा निराळ्या नजरेने पाहावयास हवे होते. रामलाल सज्जन आहे, विद्वान आहे, मित्रही आहे; आणि तरी त्याचा उपदेश वाया जातो. व्यसन कसकशा पायऱ्यांनी चढते याचे ज्ञान त्या नाटकात खुद्द सुधाकरापाशी आहे. रामलाल ऐकणाराच ठरतो. रोगाचे ज्ञान रोग्यापाशी आणि औषध देण्याचा अधिकार मात्र दुसऱ्यापाशी, या विसंगतीत ते घर बुडते. नाटककाराने ती मुद्दाम योजली की नाही, हा वाद येथे नको.

सुनंदाबाईंच्या पद्धतीने नेमकी हीच विसंगती मोडली. मुक्तांगणात रोग्यास ‘रुग्णमित्र’ म्हणतात. नुसत्या शब्दाने काय होते, असे कोणी म्हणेल. परंतु अमेरिकेत कार्ल रॉजर्स यांनी ‘रोगी’ हा शब्द टाकून ‘अशील’ हा शब्द रूढ केला आणि त्यावर 1951 साली एक ग्रंथच लिहिला, तोही शब्दाचाच प्रश्न होता. आम्हांस तर रॉजर्सच्या शब्दाहून हा मराठी शब्द सरस वाटतो. अशील पैसे देतो व निघून जातो. मित्राविषयी आपले काही उत्तरदायित्व राहते, आणि त्याचेही आपल्याविषयी. म्हणूनच येथे बरा झालेला माणूस पुढे संस्थेचा कार्यकर्ता होतो व नव्याने आलेल्याशी बोलतो. 1935 साली अ‍ॅक्रन गावी दोन मद्यपी एकमेकांशी बोलत बसले, त्यातून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही चळवळ निघाली. तिचे हे तत्त्व येरवड्यात मराठी झाले. बायकांची कैफियत ऐकावयास ‘सहचरी’ नावाचा त्यांचा स्वतंत्र गट आहे. सिंधूला असा गट लाभला असता तर नाटकाचा पाचवा अंक निराळा झाला असता, हे सहज मनात येऊन गेले.

आता दोषाविषयी. अवचटांची भाषा साधी, बोलती, निरलंकार. माणसे ती हुबेहूब उभी करते. परंतु पतीच्या प्रेमळ लेखणीतून सुनंदाबाई इतक्या स्वाभाविकपणे थोर दिसतात, की त्यांचे शास्त्र झाकले जाते. ममता, धीर, स्वतःच्या कर्करोगाशी झुंजत केलेले काम, हे सारे हृदयास भिडते. मात्र खोटे बोलणाऱ्या रोग्यास अपमान न करता खोटे कसे दाखवावे, चौथ्यांदा घसरलेल्यास कोणत्या शब्दांनी परत घ्यावे, कोठे गप्प बसावे, ही कारागिरी वाचकाच्या हाती पुरेशी लागत नाही. ती स्वभावाची देणगी वाटते, आणि देणगी म्हटली की दुसऱ्यास ती शिकण्याची जबाबदारी उरत नाही. पगाराच्या दिवशी दापोडीतल्या एखाद्या कामगाराचे घर जेव्हा दाराकडे डोळे लावून बसते, तेव्हा त्या घरास थोर व्यक्तीच्या आठवणींचा उपयोग थोडा. त्यास पद्धती हवी.

आणि ती पद्धती आहे, याचा पुरावा पुस्तकाबाहेर आहे. सुनंदाबाई 1997 साली वारल्या. संस्था मिटली नाही. कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी मानसशास्त्र शिकून ती चालविली. अवचट स्वतः 2022 साली गेले, तरी काम थांबले नाही. केवळ व्यक्तीच्या मोहिनीवर उभे असलेले काम तिच्यामागे इतकी वर्षे टिकत नाही. म्हणून आमची अपेक्षा मुक्तांगणातल्या जुन्या कार्यकर्त्यांकडून आहे. ज्यांनी मॅडमसमोर रोगी म्हणून बसून ऐकले व नंतर त्याच खुर्चीवरून दुसऱ्यास ऐकविले, त्यांनी, लेखनाचा सराव असो वा नसो, त्या खोलीतली संभाषणे, नावगाव वगळून, जशी आठवतील तशी लिहून काढावीत. चरित्रातले राहिलेले प्रकरण त्यांच्याचपाशी आहे.